ताप मेंदूत चढतो तेव्हा

नागपुरात एप्रिल-मे महिन्यात कुणाला ताप आला, की पहिले निदान घरातच होते: ऊन लागले. 1979 च्या उन्हाळ्यात महालातल्या आमच्या घरी माझ्या चुलत बहिणीचे हेच निदान झाले. ती सात वर्षांची, मी नऊ. बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, जेवणावरची वासना गेलेली. आजीने तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचे पन्हे पाजले. दोन आठवड्यांनी तिचा एक डोळा तिरळा झाला आणि मान वाकेनाशी झाली. तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, "ताप मेंदूत चढला."

तो शब्दप्रयोग माझ्या मनातून गेला नाही. मी डॉक्टर नाही. जे कळले ते वाचनालयात बसून आणि भेटेल त्या डॉक्टरांना प्रश्न विचारून. पण एवढे नक्की समजले, की ताप कुठे चढत नाही. मेंदूत शिरतो तो जंतू, आणि त्याच्या वाटेवर एक फार चिवट भिंत असते.

या भिंतीचा पहिला सुगावा लागला तो रंगामुळे. 1885 मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जनावरांच्या रक्तात रंग टोचले. सारे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदूला रंग धरताच येत नसावा, असे एर्लिखला वाटले. त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन याने 1913 मध्ये उलटा प्रयोग केला. त्याने रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे दोष रंगाचा नव्हता, मेंदूचाही नव्हता. मध्ये काहीतरी आडवे येत होते. ते काय, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला 1967 साल उजाडले. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना जणू शिवलेल्या असतात. इतरत्र त्यांच्यामध्ये फटी असतात, इथे घट्ट सांधे असतात. या वाहिन्या एकापुढे एक मांडल्या तर लांबी सुमारे 600 किलोमीटर भरते, म्हणजे नागपूरहून निघालेली एसटी नगरपर्यंत पोचेल. एवढ्या लांबीची भिंत, आणि जाडी एका पेशीची.

ती ओलांडण्याच्या जंतूंच्या रीती वेगवेगळ्या आहेत. नवजात बाळांना मेंदूज्वर देणारा ई. कोलाय जंतू पेशीच्या पोटातून जातो. पेशी त्याला एका पिशवीत घेऊन अलीकडून पलीकडे नेऊन सोडते. न्यूमोकोकस आपल्या अंगावरच्या एका रेणूच्या जोरावर ओळखीच्या पाहुण्यासारखा पेशीच्या दाराला चिकटतो. मेनिंगोकोकसचा स्वभाव आडदांड. तो केसांसारख्या तंतूंनी वाहिनीला धरतो आणि सांध्यांची प्रथिने जागची हलवून फट पाडतो. या जंतूंचा मेंदूज्वर तासा-दिवसांत कळतो, कारण मुलगा सकाळी खेळत असतो आणि रात्री बेशुद्ध पडतो.

माझ्या बहिणीला झाला तो यांच्यापैकी नव्हता. तिचा जंतू क्षयाचा होता, आणि त्याची चाल सर्वांत संथ.

शाहिस्तेखानाच्या वेळी महाराजांची माणसे लग्नाच्या वरातीत मिसळून पुण्यात शिरली, असे सांगतात. क्षयाचा जंतू बऱ्याचदा तसाच शिरतो. फुप्फुसात त्याला गिळायला आलेल्या भक्षक पेशीतच तो जिवंत राहतो, आणि शरीराचीच ती पेशी त्याला रक्तातून मेंदूकडे नेते. पण तो एकट्यानेही जाऊ शकतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले, की या जंतूतले पीकेएनडी नावाचे एक प्रथिन काढून टाकले, तर गिनीपिगच्या फुप्फुसात तो पूर्वीसारखाच वाढतो, मेंदूत मात्र कमी पडतो. फक्त मेंदूच्या दारासाठी राखून ठेवलेली किल्लीच म्हणायची.

याच हॉपकिन्समध्ये 1933 मध्ये रिच आणि मॅककॉर्डॉक यांनी आणखी मोठी गोष्ट उलगडली होती, आणि मला ती या सगळ्या कथेचा गाभा वाटते. क्षयाचे जंतू रक्तात टोचून जनावरांना लगेच मेंदूज्वर होईना. मग त्यांनी या रोगाने दगावलेल्यांचे मेंदू बारकाईने चिरून पाहिले. बहुतेकांत मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक जुनी, दाण्याएवढी गाठ सापडली. म्हणजे जंतू भिंत ओलांडतो तेव्हा काहीच होत नाही. ताप नाही, डोकेदुखी नाही. तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे त्या गाठीत बसून असतो. गाठ फुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात रिती होते, तेव्हा आपण 'आजारी पडला' म्हणतो. आजीने कांद्याचा रस चोळला त्याच्या किती आधी हे घडले असेल?

गाठ फुटल्यावरही जंतू थोडेच असतात, आणि पाठीतले पाणी तपासताना सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत. पूर्वी डॉक्टर ते पाणी नळीत ठेवून वाट पाहत. काही तासांनी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी धरली, की क्षयाचा संशय पक्का होई. नागपुरात यावर नेटाने काम झाले ते बजाजनगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये. डॉ. हातिम दागिनावाला, डॉ. राजपालसिंह कश्यप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात असा विचार केला, की जंतू दिसत नसेल तर त्याच्या खुणा शोधू. जंतू बाहेर टाकतो ती 'अँटिजेन 85' गटातली प्रथिने, त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे आणि एडीए हे विकर, या सगळ्यांचा त्यांनी पाठीच्या पाण्यात माग काढला. पुढे रुग्णांमधून मिळवलेले वाण उंदरांना टोचून मेंदूत काय होते तेही पाहिले.

निदान झाले तरी भिंत तशीच उभी असते, आणि आता ती औषधाला अडवते. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड सहज पलीकडे जातात. रिफॅम्पिसिन थोडेच जाते. स्ट्रेप्टोमायसिन तर आवरणे सुजलेली असतानाच काय ते आत झिरपते. त्यात सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावेच लागते. व्हिएतनाममधल्या 545 रुग्णांच्या पाहणीत, जी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, डेक्सामेथासोनमुळे मृत्यू 41.3 टक्क्यांवरून 31.8 टक्क्यांवर आले. अपंगत्व मात्र फारसे घटले नाही. बहीण वाचली, पण ऐकू येणे गेले. हा रोग कानाची नस बिघडवतो, आणि तिला दोन महिने टोचलेले स्ट्रेप्टोमायसिनही तेच करते. दोहोंपैकी कशाने गेले, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

जन्मताच दिलेली बीसीजीची लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसे वाचवत नाही, म्हणून तिला नावे ठेवणारे मला भेटतात. लहान मुलांना या मेंदूज्वरापासून ती बऱ्यापैकी राखते, हे त्यांना ठाऊक नसते.

आणि पाठीतल्या पाण्याबद्दल. ते काढले की माणूस कायमचा लुळा होतो, असे आमच्याकडे आजही लोक ठामपणे सांगतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई टोचतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये, आणि तिथे पाण्यात तरंगणाऱ्या नसांचा झुपका असतो, जो सुईपुढून बाजूला सरकतो. डॉक्टरांनी 1979 मध्ये काकांना हे सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. काकांनी होकार दिला तो चौथ्या दिवशी.