सहा हजार मीटरचे ‘सोपे’ शिखर आणि आपले रक्त

लडाखमधील कांग यात्से-२ या शिखराची उंची सुमारे ६,२५० मीटर आहे. गिर्यारोहणाच्या जाहिरातींत ते ‘नवख्यांसाठी योग्य’ म्हणून सांगितले जाते. पूर्वी हा मान स्टोक कांगरीला होता. स्टोक गावाचे पाणी ज्या हिमनदीवर अवलंबून आहे तिच्यावरचा माणसांचा भार कमी व्हावा म्हणून २०२० पासून ते शिखर बंद करण्यात आले, आणि नवख्यांचा ओघ मार्खा खोऱ्याकडे वळला. त्यात आता आपल्या समाजातील तरुण-तरुणीही दिसू लागले आहेत. नोकरीला लागलेली पहिली पिढी सुट्टी काढून हिमालयात जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच या पानावर तिच्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. ‘सोपे’ या शब्दाचा अर्थ समजून घेतला नाही तर तो जिवावर बेततो, आणि विदर्भातील वाचकांच्या बाबतीत त्यात आणखी एक बाब मिसळते. तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

सोपे म्हणजे काय? उभा कडा नाही. दोराला लोंबकळत चढायचे नाही. पायथ्याच्या तळावरून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे, आधी दगडगोट्यांची चढण, मग बर्फाचा लांबच लांब उतार. बुटांखाली क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी दात बांधायचे, हातात आइस-अ‍ॅक्स, कमरेला दोर, आणि वाटाड्याच्या मागे एकेक पाऊल. हे तंत्र धडधाकट माणूस एका दिवसाच्या सरावात कामापुरते शिकतो. (शेजारचे कांग यात्से-१ हे वेगळे आणि बरेच अवघड शिखर आहे. नोंदणी करताना नावाची गल्लत करू नका.) म्हणजे सोपेपणा आहे तो हातापायांपुरता. फुप्फुस, मेंदू आणि रक्त यांच्यासाठी सहा हजार मीटर ही उंची सोपी नसते. शिखर सोपे असो वा अवघड, तिथली हवा सारखीच विरळ.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे एकवीस टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, ५,५०० मीटरवर निम्मा, आणि शिखरावर निम्म्याहूनही कमी. शरीर यावर आपणहून उपाय करते. आधी श्वास वाढतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मग मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा हा लगाम सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात. उंचीवर वारंवार लघवीला होते ती याच कारणाने. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. शरीराचे हे काम पैशाने किंवा जिद्दीने घाईत उरकत नाही. कळसूबाईवर दहा वेळा चढून आलेल्यांचे पाय घट्ट होतात, पण १,६४६ मीटरवर शरीराला विरळ हवेची ओळखच होत नाही. रोज धावणारा पंचविशीतला मुलगा लेहला डोके धरून बसतो आणि त्याची पन्नाशीची मावशी बाजार फिरून येते, असेही घडते. तंदुरुस्ती हा या आजारावरचा विमा नव्हे.

दिल्लीहून विमान सव्वा तासात लेहला उतरवते. उतरल्यावर दोन दिवस काहीही करायचे नाही. खारदुंग-ला नाही, पँगाँग नाही. तिसरा दिवसही लेहमध्येच काढला तर उत्तम. ज्यांना विमान परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्याने येणाऱ्याचे शरीर टप्प्याटप्प्याने वर चढते, कारण कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. मनालीचा रस्ता मात्र वाटेतच खूप उंच नेतो. त्या वाटेवर सरचूला, म्हणजे जवळजवळ ४,३०० मीटरवर, रात्र काढणाऱ्यांचे हाल होतात.

नियम एकच लक्षात ठेवा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. दिवसा कितीही वर चढा, झोपायला खाली या. मार्खा खोऱ्याची वाट या नियमाला बरीच अनुकूल आहे. स्क्यू गाव लेहपेक्षाही किंचित खाली, मग मार्खा सुमारे ३,८०० वर, हांकर ४,००० च्या आसपास, थाचुंगत्से साधारण ४,२५०. गावांत घरगुती मुक्काम मिळतो, ‘जुले’ म्हणत चहा पुढे येतो, वाटेत पॅराशूटच्या कापडाच्या तंबूंत नूडल्स मिळतात. या तीन-चार दिवसांत लोक खुशीत असतात आणि पुढचा टप्पा तिथेच बिघडतो. थाचुंगत्सेहून थेट शिखराच्या तळावर गेले की एका दिवसात आठशे मीटर वाढतात. वेळापत्रक आखणाऱ्याला विचारा की मध्ये निमालिंगला मुक्काम आहे का, आणि तळावर विश्रांतीचा पूर्ण दिवस आहे का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो कार्यक्रम स्वस्त असला तरी घेऊ नका. शिवाय गाडीचा रस्ता आता खोऱ्यात आतवर आला आहे. त्यामुळे पायी लागणारे दिवस वाचतात खरे, पण शरीराचे तेच दिवस हिरावले जातात.

आता आजाराची लक्षणे. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, गळून जाणे, चक्कर ही पहिली पायरी. अशा वेळी आहे त्याच ठिकाणी थांबायचे, वर जायचे नाही. एका दिवसात उतार पडला तर पुढे, नाही तर खाली. दुसरी पायरी घातक असते आणि ती दोन वाटांनी येते. एक, मेंदूला सूज. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झिंगल्यासारखा चालतो. जमिनीवर सरळ रेष मारून टाचेला पंजा लावत चालायला सांगा. तोल गेला की वेळ घालवू नका. दुसरी, फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, नंतर गुलाबी फेस. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवते. दोन्हींवर खरा उपाय एकच : ताबडतोब खाली नेणे, मग रात्र असो की बर्फ पडत असो. प्राणवायूचे नळकांडे आणि डेक्सामेथासोन, निफेडिपिनसारखी औषधे वाटाड्याकडे असलीच पाहिजेत, पण ती खाली उतरेपर्यंत वेळ मिळवून देण्यासाठी असतात. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर सोबत न्या, मात्र त्याचे दास होऊ नका. लेहमध्ये पंचाऐंशी-नव्वदचा आकडा बघून घाबरायचे कारण नाही, आणि आकडा चांगला असूनही डोके फुटत असेल तर डोक्यावर विश्वास ठेवा.

डायमॉक्स या गोळीविषयी बरेच गैरसमज आहेत. ती डोकेदुखी दाबत नाही. मूत्रपिंडांचे ते क्षार बाहेर टाकण्याचे काम ती लवकर उरकते, म्हणजे शरीराच्याच वाटेने जाते. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. झोपेची गोळी आणि दारू मात्र उंचीवर पूर्ण वर्ज्य, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. कापूर हुंगणे, लसूण खाणे हे उपाय कोणी सुचवले तर ऐकून घ्या, पण त्यांच्या भरवशावर वर जाऊ नका.

आता ती विदर्भाची बाब. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो, हे नवे नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच मध्य भारतातही तो सापडला. सिकलसेलचे हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटते, त्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. दोन्ही पालकांकडून हा जनुक आला तर माणूस रुग्ण (एसएस), एकाकडूनच आला तर वाहक (एएस). रुग्णाने सहा हजार मीटरच काय, लेहलाही जाऊ नये. तिथली हवाच वेदनांचा झटका आणू शकते. हे ऐकायला कठोर आहे, पण इथे तडजोड नाही.

वाहकाची गोष्ट वेगळी आहे. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला कित्येकदा ठाऊकही नसते. नेमके म्हणूनच उंचीवर तो बेसावध पकडला जातो. वाहकांना डोंगरावर प्लीहेचा म्हणजे पाणथरीचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. असे क्वचित घडते, पण घडते, आणि वैद्यकीय साहित्यात त्याच्या नोंदी आहेत. रुग्णाची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी झालेली असते. वाहकाची शाबूत असते, म्हणून फटका तिला बसतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र कळ येते, उलट्या होतात, कधी डाव्या खांद्यातही दुखते. सोबतचे म्हणतात, गॅस झाला, ओवा खा. वाहकाने असे दुखणे गॅस समजू नये. प्राणवायू, पाणी आणि खाली उतरणे, मग लेहचे सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय. तहान, थंडी आणि अतिश्रम यांनी धोका वाढतो, आणि शिखराच्या रात्री ही तिन्ही एकत्र येतात.

मग वाहकाने जायचेच नाही का? असा सरसकट निषेध मी करणार नाही. लेहपर्यंत सावकाश गेलेले वाहक सहसा ठीक राहतात. पण आपण वाहक आहोत हे माहीत असताना, रक्तविकाराच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन, आधी कमी उंचीची वाट करून मग ठरवणे वेगळे, आणि काहीच माहीत नसताना मध्यरात्री सहा हजार मीटरकडे निघणे वेगळे. तपासणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त ‘आहे’ एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळते. सरकारी यंत्रणेत ही सोय आहे आणि २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. काही घरांत हा अहवाल लग्नाच्या भीतीने कपाटात दडवला जातो. मुलगा किंवा मुलगी डोंगरावर निघाली असेल तेव्हा तरी आईवडिलांनी तो दाखवावा. सोबत साधे हिमोग्लोबिनही तपासा, विशेषतः मुलींनी. रक्त आधीच कमी असेल तर विरळ हवेत ते अधिकच अपुरे पडते. रक्तदाब, मधुमेह, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि गरोदरपणी हा बेत पुढे ढकलावा.

तयारीला निदान चार-पाच महिने द्या. पाठीवर आठ-दहा किलोची पिशवी घेऊन जिने चढणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी व्यायाम. नागपूरकरांना रामटेकच्या पायऱ्या आहेत, पुणेकरांना सिंहगड. ज्यांना पुढेही हे करायचे आहे त्यांनी दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीच्या सरकारी संस्थेतला जवळपास महिनाभराचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. खाजगी सहलीच्या मानाने तो स्वस्त पडतो. २०१४ साली तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांचे दोन विद्यार्थी, मालावत पूर्णा आणि आनंद कुमार, एव्हरेस्टवर पोहोचले, ते आधी भोंगीरच्या खडकावर, मग दार्जिलिंगला आणि लडाखच्या थंडीत सराव करून. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची आदिवासी मुले एव्हरेस्टला गेली तीही प्रशिक्षणानंतरच. शेतमजुरांची मुले तिथवर पोहोचली याचा अभिमान आपण सांगतो, तसे त्यामागचे महिनेही सांगायला हवेत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो डोकेदुखी लपवण्याने. पैसे भरलेले असतात, गावाकडे सांगून झालेले असते, गटातले बाकीचे पुढे निघालेले असतात. म्हणून निघण्यापूर्वीच जोड्या ठरवा. रोज संध्याकाळी जोडीदाराला डोके, भूक, झोप विचारायची आणि खरे सांगायचे. सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत माथा आला नाही तर परतायचे, हेही वाटाड्याशी आधीच बोलून ठेवा. उन्हाने बर्फ मऊ झाला की उतरणे धोक्याचे होते.

बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. खोऱ्यात तर बहुतेक ठिकाणी फोनच लागत नाही. म्हणून रक्तगट, सिकलसेलचा अहवाल, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि घरचा नंबर एका कागदावर हिंदीत लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतल्या खिशात ठेवा, आणि तो कोणत्या खिशात आहे हे जोडीदाराला आणि वाटाड्याला दाखवून ठेवा.