एक चुकीची कमांड अन् विद्यापीठातले कॉम्प्युटर आपोआप फॉरमॅट व्हायला लागले

मे 2014. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं एमरी विद्यापीठ. तिथल्या लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हरवर अचानक विंडोज 7 नव्याने इन्स्टॉल व्हायला लागलं. कुणी पेनड्राइव्ह लावला नव्हता की सीडी टाकली नव्हती. व्हायरस नव्हता, हॅकरही नव्हता.

विद्यापीठाच्याच यंत्रणेतून विंडोज 7 ची 'इमेज' चुकून सगळ्या विंडोज मशीनना पाठवली गेली होती. त्या इमेजचं पहिलं काम होतं, हार्ड डिस्कचं पार्टिशन नव्याने करून ती फॉरमॅट करणं. गडबड लक्षात येताच इमेज पाठवणारा सर्व्हर बंद केला गेला. पण तोपर्यंत तो सर्व्हरसुद्धा फॉरमॅट झाला होता.

आता प्रश्न पडतो, एका ठिकाणी बसून एवढ्या मशीन पुसता येतातच कशा?

इमेज म्हणजे नेमकं काय?

समजा, ऑफिसमध्ये 50 नवे कॉम्प्युटर आले. प्रत्येकावर विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटर, अँटिव्हायरस, मराठी कीबोर्ड हे सगळं हाताने टाकायचं तर आठवडा जाईल. म्हणून आयटीवाले एकच कॉम्प्युटर नीट तयार करतात आणि त्याची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये साठवतात. हीच ती इमेज.

प्रत काढण्याआधी 'सिसप्रेप' नावाचं टूल त्या मशीनची स्वतःची ओळख पुसून टाकतं. नाहीतर 50 कॉम्प्युटर एकाच ओळखीने नेटवर्कवर आले असते.

रिकाम्या कॉम्प्युटरला इमेज मिळते कशी?

इथे कामाला येतं 'पीएक्सई'. आयटीवाले त्याला 'पिक्सी' म्हणतात. इंटेलने 1990 च्या दशकात आणलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

कॉम्प्युटर सुरू करताना एफ12 सारखं बटण दाबलं की तो हार्ड डिस्कऐवजी नेटवर्ककडे वळतो आणि विचारतो, "मी कोण आणि सुरू कुठून होऊ?" सर्व्हर त्याला आयपी अ‍ॅड्रेस देतो आणि सुरुवातीची फाइल कुठे आहे ते सांगतो. मग एक छोटी विंडोज थेट रॅममध्ये उतरते. ती रॅममधून चालते, म्हणूनच हार्ड डिस्क बिनधास्त पुसता येते. डिस्क साफ होते, इमेज उतरते, कॉम्प्युटरला नाव मिळतं आणि काम संपतं.

पन्नास कॉम्प्युटरना वेळ किती लागतो?

20 जीबीची इमेज 1 गिगाबिटच्या नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरला पाठवायला साधारण तीन मिनिटं लागतात. सर्व्हरने 50 जणांना वेगवेगळी प्रत दिली, तर अडीच तासांच्या आसपास. यावर उपाय म्हणजे मल्टिकास्ट. रेडिओवर कार्यक्रम एकदाच लागतो आणि सगळे ऐकतात, तसंच. डेटा एकदाच निघतो आणि सगळे कॉम्प्युटर तो एकाच वेळी उतरवून घेतात. क्लोनझिला आणि फॉगसारखी फुकट सॉफ्टवेअरही हे काम करतात.

मग धोका कुठे आहे?

मोठ्या संस्थांमध्ये एफ12 दाबायलाही कुणी जात नाही. प्रत्येक मशीनवर आधीच एक छोटं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते सर्व्हरचा आदेश ऐकतं आणि कॉम्प्युटर स्वतःच रिस्टार्ट होतो.

आदेश देताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. इमेज कोणत्या गटाला पाठवायची आणि ती ऐच्छिक ठेवायची की सक्तीची. गट 'सर्व मशीन' आणि आदेश 'सक्तीचा' असेल, तर समोर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. सर्व्हरही त्याच यादीत असेल, तर तोही सुटत नाही.

म्हणूनच आधी दोन-चार मशीनवर चाचणी घेणं, सर्व्हरचा गट वेगळा ठेवणं, पीएक्सईला पासवर्ड लावणं आणि बॅकअप दुसरीकडे ठेवणं हे नियम पाळले जातात. पुढे मायक्रोसॉफ्टनेही अशा आदेशाआधी धोक्याचा इशारा देणारी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दिली.

तुमचा काय संबंध?

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे अनेक ऑफिसांत विंडोज 11 टाकण्याचं काम निघतं. तुमच्या ऑफिसात असा मेल आला, तर आयटीला एकच प्रश्न विचारा, "अपग्रेड करणार की नवी इमेज टाकणार?"

साध्या अपग्रेडमध्ये फाइल सहसा जागेवर राहतात. नवी इमेज टाकली की डिस्क पुसली जाते. डेस्कटॉपवरची एक्सेल शीट, डाउनलोड्समधली बिलं, सगळं जातं. ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर ठेवलेलं तेवढं वाचतं. त्यामुळे कामाच्या फाइल आजच तिकडे हलवा.