दृष्टिपटलाची भाषा आणि बाजाराचा हिशेब

डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देण्याची प्रथा शालेय पाठ्यपुस्तकांनी रूढ केली. भिंग, बाहुली आणि मागे प्रतिमा उमटणारा पडदा एवढ्यापुरती ती चुकीचीही नाही. परंतु त्या पडद्यापाशी ती संपते. दृष्टिपटल ही निर्जीव फिल्म नव्हे; तो मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. काय कळवावयाचे आणि काय गाळावयाचे, याचा पहिला निर्णय तेथेच होतो.

माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या शलाका व शंकू या पेशी मिळून दहा कोटींहून अधिक असतात. मेंदूकडे जाणाऱ्या दृक्-तंत्रिकेतील तंतू मात्र सुमारे १० लाख. इतक्या अरुंद वाटेने इतका माल न्यावयाचा तर तो आधी निवडून बांधावाच लागणार. हे काम जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या पटलात चालते. १९५३ साली स्टीफन कुफ्लर यांनी मांजरावरील प्रयोगांतून दाखविले की, मेंदूकडे तंतू पाठविणाऱ्या गुच्छिका पेशी प्रकाशाच्या निव्वळ प्रमाणापेक्षा मध्य आणि भोवताल यांतील फरक कळवितात. काही पेशी उजेड वाढताच बोलू लागतात, तर काही तो कमी होताच.

तथापि मांजर वा उंदीर यांवरून माणसाविषयी सर्वच निष्कर्ष काढता येत नाहीत. सस्तन प्राण्यांत तीक्ष्ण दृष्टीचा तो चिमुकला खळगा केवळ नरवानर गणातच आढळतो. म्हणूनच ई. जे. चिचिल्निस्की या मेंदूवैज्ञानिकाने माकडाच्या दृष्टिपटलाचा ध्यास घेतला. प्रथम साल्क संस्थेत आणि २०१३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांचे हे काम चालले. कणभौतिकीतील उपकरणांच्या धर्तीवर भौतिकीविद ॲलन लिटके यांनी विकसित केलेली ५१२ विद्युदग्रांची पट्टी त्यांच्या हाती आली आणि शेकडो पेशींचे बोलणे एकाच वेळी ऐकता येऊ लागले. गुच्छिका पेशींचे सुमारे २० प्रकार असून फरशी बसवावी तसा प्रत्येक प्रकार संपूर्ण पटल व्यापतो, म्हणजेच एकाच दृश्याची अनेक वृत्ते मेंदूकडे समांतर रवाना होतात. कोणता शंकू कोणत्या गुच्छिका पेशीशी जोडलेला आहे, याचा नकाशाही या गटाने २०१० साली प्रसिद्ध केला.

हे ज्ञान केवळ विद्वत्तेचे भूषण नाही. दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक रोगांत शलाका व शंकू मरतात. गुच्छिका पेशी मात्र बऱ्याच प्रमाणात तग धरतात. त्यांना विजेने जागे करून अंधांना काही प्रमाणात दिसू लागावे, या हेतूने कॅलिफोर्नियातील ‘सेकंड साइट’ कंपनीने ६० विद्युदग्रांचे ‘आर्गस २’ हे रोपण बनविले. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. त्यातून दाराची चौकट, उजेडाचे डाग एवढेच जाणवू शकले. विजेच्या एका झटक्याने शेजारच्या सर्वच पेशी पेटतात; ‘उजेड वाढला’ आणि ‘उजेड घटला’ ही परस्परविरोधी वृत्ते एकदमच मेंदूकडे जातात. यावर चिचिल्निस्की यांचे म्हणणे असे की, रोपणाने आधी ऐकावे, प्रत्येक पेशी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे आणि मगच तिच्याशी तिच्या भाषेत बोलावे.

येथपर्यंतचा प्रश्न विज्ञानाचा झाला. पुढचा अर्थकारणाचा आहे. सेकंड साइटने २०१९ साली आर्गसचे उत्पादन थांबविले आणि २०२० साली बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केले. जगभरातील साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत कंपनीचे हे यंत्र तसेच राहिले. दुरुस्ती कोणी करावी, सुटे भाग कोठून आणावेत, याचे उत्तर त्यांना मिळेना. रेडिओ बिघडला तर माणूस दुसरा आणतो. डोळ्यात शिवलेल्या यंत्राला हा न्याय लागू पडत नाही. येथे ग्राहक आणि वस्तू वेगळी करताच येत नाहीत.

विशेष असे की, या यंत्राच्या विकासाला सरकारी पैसाही लागला होता. मूलभूत संशोधनाचा दीर्घ आणि अनिश्चित खर्च समाजाने सोसावयाचा, तयार वस्तू बाजाराने विकावयाची आणि नफा दिसेनासा होताच बाजाराने निघून जावयाचे, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. अशा रोपणास मान्यता देतानाच रुग्णाच्या हयातीपर्यंत देखभालीसाठी राखीव निधी ठेवण्याची आणि कंपनी बंद पडल्यास यंत्राचे आराखडे खुले करण्याची अट घातली पाहिजे. त्यामुळे यंत्राची किंमत वाढेल, हे खरे. परंतु ती किंमत आजही कोणीतरी मोजतोच आहे. फक्त ती कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, रुग्णाच्या पुन्हा मालवलेल्या डोळ्यांत दिसते.