मुरगावच्या बंदरातील शेवटची नौका

गोवामुक्तीचा विषय निघाला की पेडणे-डिचोलीकडच्या मंडळींना आठवतात ते पोर्तुगीजांनी उडवून दिलेले पूल आणि दोडामार्गाच्या बाजूने आत उतरलेले भारतीय सैन्य. त्याच दिवशी, 18 डिसेंबर 1961 रोजी, समुद्रावर जे घडले त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. म्हणून मुरगाव बंदरातील एका जुन्या युद्धनौकेची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही नौका इंग्लंडमध्ये बांधली गेली आणि 1935 मध्ये पोर्तुगालच्या आरमारात दाखल झाली. 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या सेनानीचे नाव तिला दिलेले. वसाहतींवर पहारा ठेवणे हे तिचे काम. परंतु तिचा पहिला संग्राम झाला तो स्वतःच्याच सरकारशी! सप्टेंबर 1936 मध्ये लिस्बन येथे तिच्या खलाशांनी सालाझारविरुद्ध बंड पुकारले. किनाऱ्यावरील तोफांनी ते मोडले आणि कित्येक बंडवाल्यांची रवानगी केप व्हर्द बेटांतील ताराफालच्या छावणीत झाली. पुढे 1942 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘नोव्हा स्कोशिया’ जहाजावरील दोनशेच्या आसपास माणसे याच नौकेने पाण्यातून वर काढली. त्यांत बरेच इटालियन युद्धकैदी होते. तिच्या साऱ्या चाकरीत आम्हांस हेच काम थोर वाटते.

1961 मध्ये ती सव्वीस वर्षांची झाली होती. चार 120 मिलिमीटरच्या तोफा, वेग बेताचा. आणि समोर ठाकल्या 1960 मध्ये भारतीय आरमारात आलेल्या ‘बेटवा’ व ‘बियास’. शरणागती पत्करू नये, अशी लिस्बनहून सालाझारची सक्त ताकीद होती. दुपारी बाराच्या सुमारास तोफा धडाडू लागल्या. कप्तान अरागांव गंभीर जखमी झाला, बिनतारी यंत्र चालविणारा ठार झाला. सूत्रे हाती घेतलेल्या दुय्यम अधिकाऱ्याने अखेर नौका बांबोळीच्या बाजूस वाळूत रुतविली आणि खलाशी किनाऱ्याला लागले. लिस्बनमध्ये बसून मरणाचे हुकूम सोडणाऱ्यापेक्षा त्या अधिकाऱ्याचा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यानेही तोच मार्ग धरला, त्याबद्दल मायदेशी त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले.

साम्राज्य समुद्रावरून आले होते. ते संपले मात्र बहुतांशी डिचोलीसारख्या महालांतून जाणाऱ्या रस्त्यांवर, जेथवर या नौकेच्या तोफा पोहोचत नव्हत्या. पुढे भारतीय आरमाराने तिला वाळूतून काढले आणि 1963 मध्ये ती मोडीत विकली गेली.