घरची गाणी, घरचा रस्ता: कॉम्प्युटरपासून पडवीपर्यंतच्या सोळा चटपटीत गोष्टी

कर्जत-खालापुरात पावसानं एकदा मुक्काम ठोकला की बाहेर जायचं नाव नको. भजी तळायची, चहा ठेवायचा आणि गाणी लावायची. नेमकं तेव्हाच इंटरनेट मान टाकतं आणि मोबाइलवर नुसतं चाक फिरत बसतं. यावरचा उतारा घरातच आहे. गाणी कॉम्प्युटरवर साठवायची आणि नेटवर्कला जोडलेल्या ऑडिओ रिसीव्हरवर, म्हणजे वायफाय किंवा लॅन केबल घेणाऱ्या ॲम्प्लिफायरवर वाजवायची. ही सोय वाटते तितकी अवघड नाही आणि तितकी नवीही नाही. तिच्या पोटातल्या या सोळा गोष्टी.

१. आधी तार, मग रेडिओ

दूरचं गाणं घरबसल्या ऐकायची हौस रेडिओहून जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरा टेलिफोनच्या तारेवरून ऐकवला. दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर लावायचे. स्टिरिओची चव लोकांनी पहिल्यांदा चाखली ती तिथे. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे तारेवरचं गाणं त्याच्या ४६ वर्षं पुढे होतं.

२. रेडिओआधी आपल्याकडे वीज

मुंबईत रेडिओ बोलू लागला त्याच्या बारा वर्षं आधी, १९१५ साली, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं होतं. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ सालचं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर जनित्रं फिरवायची, असं हे तंत्र. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. ज्या शक्तीवाचून रेडिओ, रिसीव्हर आणि कॉम्प्युटर नुसती खोकी आहेत, ती शक्ती या दोन तालुक्यांनी शंभर वर्षांपूर्वीच तयार केली.

३. मोबाइल हा नुसता यजमान

बहुतेकांना वाटतं, गाणं मोबाइलमधून रिसीव्हरला जातं. घरच्या नेटवर्कवर गाणी पाठवायच्या यूपीएनपी किंवा डीएलएनए या पद्धतींत तसं होत नाही. लग्नाची पंगत आठवा. कॉम्प्युटर म्हणजे मुदपाकखाना, रिसीव्हर म्हणजे मांडलेलं पान आणि मोबाइल म्हणजे ‘यांना जिलबी वाढा’ म्हणणारा यजमान. जिलबी त्याच्या हातातून जात नाही. मोबाइल बंद केला तरी चालू गाणं वाजत राहतं. मात्र काही ॲपमध्ये पुढच्या गाण्यांची यादी मोबाइलवरच असते. तिथे हे गाणं संपलं की पुढचं लागत नाही.

४. इंटरनेट गेलं तरी मैफल चालू

घरातलं वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची लाइन तुटली तरी राउटर घरातली उपकरणं एकमेकांशी जोडून ठेवतो. गाणी घरच्या डिस्कवर असतील तर त्यांना बाहेर जावंच लागत नाही. लाइट जाण्याचा त्रास असेल तर राउटर, कॉम्प्युटर आणि रिसीव्हर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

५. २१० चा वर्ग

सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. हा आकडा २१० गुणिले २१० आहे. तो ठरला मात्र व्हिडिओ टेपमुळे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा, प्रत्येक ओळीत ३ नमुने. अमेरिकेच्या पद्धतीत २४५ ओळी, ६० वेळा, ३ नमुने. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येतं.

६. गाणं लहान, रस्ता मोठा

सीडीचा आवाज जसाच्या तसा पाठवायला सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट पुरतात. १९९९ च्या वायफायचा कागदावरचा वेगसुद्धा ११ मेगाबिट होता. त्यामुळे गाण्यांसाठी महागडा राउटर घ्यायची गरज नाही. आवाज अडकतो तो बहुतेकदा सिग्नल नीट पोहोचत नाही म्हणून. आधी राउटरची जागा बदलून पाहा.

७. पत्रा अडवतो, कौल वाट देतं

वायफायच्या लहरींना धातूचं वावडं आहे. पत्र्याच्या भिंती, लोखंडी कपाट किंवा फ्रिजमागे ठेवलेला राउटर निम्मा वाया जातो. स्लॅबमधल्या सळ्यांचाही त्रास होतोच. कोरडी कौलं आणि लाकूड त्यामानानं सौम्य. जाड भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब जातो. फक्त मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या आसपास चालतो. म्हणून स्वयंपाकघराला लागून राउटर नको.

८. केबलची मर्यादा १०० मीटर

फार्महाउसवर मुख्य घर एकीकडे आणि पाहुण्यांची खोली आंब्याच्या झाडांपलीकडे, असा मामला असतो. तिथे वायफायशी झगडण्यापेक्षा साधी लॅन केबल बरी. तांब्याच्या केबलची ठरलेली मर्यादा १०० मीटर आहे. ती जमिनीखालून पाइपातून न्या आणि विजेच्या केबलपासून अंतर ठेवा. उंदीर आणि कुदळ, दोघांपासूनही ती सुरक्षित राहील.

९. पडवीत गाणं उशिरा पोहोचतं

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दिवाणखान्यातला स्पीकर आणि १७ मीटरवरची पडवी यांत गाण्याला ५० मिलिसेकंद लागतात. दोन्हीकडे स्पीकर असतील आणि त्यांच्यात आणखी फरक पडला, तर तबल्याचा ठेका दोनदा ऐकू येतो. म्हणून घरभर एकच गाणं लावणाऱ्या यंत्रणा सगळ्या उपकरणांची घड्याळं सतत जुळवत असतात. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र वाजवताना जुळत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण. खरेदीआधी हे विचारून घ्या.

१०. ब्लूटूथची दोन दुखणी

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजावरून आलं. सोय मोठी, पण गाणं मोबाइलमधूनच जातं. फोन आला की गाणं थांबतं आणि मोबाइल घेऊन परसात गेलात की आवाज तुटू लागतो. शिवाय वाटेत आवाज पुन्हा दाबून लहान केला जातो. नेटवर्कवरून फाइल मूळ रूपात जाऊ शकते. निवांत बसून ऐकायचं तर नेटवर्कच.

११. रामजन्माआधी मिथिला

गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक असं प्रसारित झालं. एकूण ५६ गाणी. फाइलना १, २, ३ असे नुसते आकडे दिले तर अनेक रिसीव्हर त्यांचा क्रम १, १०, ११, १२ असा लावतात. मग जन्म व्हायच्या आधीच राम मिथिलेच्या वाटेला लागतो. उपाय सोपा आहे: ०१, ०२, ०३ लिहा.

१२. तानपुरा तुटायला नको

शास्त्रीय संगीताच्या अनेक सीडींवर आलाप, विलंबित आणि द्रुत यांचे वेगळे ट्रॅक असतात, पण मागे तानपुरा अखंड चालू असतो. दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर जरी शांतता आली तरी रागाची समाधी मोडते. एमपीथ्री फाइल १,१५२ नमुन्यांच्या ठरावीक तुकड्यांत बांधली जाते आणि अपुरा तुकडा शांततेनं भरला जातो. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक पद्धतीत ही अडचण नाही, आवाजातला कणही कमी होत नाही आणि जागा मूळच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. रिसीव्हर ‘गॅपलेस’ वाजवतो का, हे दुकानातच ऐकून पाहा.

१३. भीमसेनजींचं नाव ४७ बाइटचं

गाण्याच्या फाइलमध्ये गायकाचं नाव लिहायची सोय १९९६ मध्ये आली, तेव्हा त्या रकान्यात जागा होती ३० बाइटची. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्राही वेगळा मोजला जातो. ‘नाट्यसंगीत’ हा शब्द बरोबर ३० बाइटमध्ये बसतो. ‘पंडित भीमसेन जोशी’ लिहायला मात्र ४७ लागतात. रकान्याची पुढची आवृत्ती १९९८ ची. तिच्यात ही मर्यादा गेली आणि युनिकोड आलं. आज नावं बिनधास्त मराठीत लिहा. रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर चौकोन दिसले, तरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये देवनागरी नीट दिसते.

१४. यंत्र थांबलं, प्रोग्राम जिवंत

कॉम्प्युटरवरची गाणी नेटवर्कवरून वाजवणारं स्लिमपीथ्री नावाचं छोटं यंत्र २००१ मध्ये बाजारात आलं. पुढे त्याचं स्क्वीझबॉक्स झालं, २००६ मध्ये लॉजिटेकनं ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ही यंत्रं बंद केली. पण त्यामागचा प्रोग्राम खुला होता. जगभरच्या हौशी मंडळींनी तो सांभाळला आणि आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं फुकट मिळतो. जुना लॅपटॉप किंवा हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर त्याला पुरतो. वस्तू घेताना खुल्या पद्धतीची घ्यावी, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

१५. कॅसेटला घाई चालत नाही

सीडी काही मिनिटांत कॉम्प्युटरवर उतरते. ६० मिनिटांच्या कॅसेटला मात्र ६० मिनिटंच लागतात. आधी डेकचा हेड कापसाच्या काडीनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. काडीवर तपकिरी थर येतो, तो टेपवरून झिजलेला लेप असतो. काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून हलकेच ओढून घ्या. मग डेकच्या ‘लाइन आउट’मधून कॉम्प्युटरच्या ‘लाइन इन’मध्ये वायर जोडा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा वाजवून पाहा. पट्टी लाल झाली तर आवाज कमी करा, कारण डिजिटलमध्ये फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

१६. वीज कडाडली की प्लग काढा

जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात सह्याद्रीच्या कुशीत विजांचा नुसता थयथयाट असतो. विजेचा झटका प्लगमधून येतो, तसाच तांब्याच्या टेलिफोन किंवा लॅन केबलमधूनही येतो. काचेचा ऑप्टिकल फायबर मात्र वीज वाहून नेत नाही. शनिवार-रविवारपुरतं उघडणारं घर असेल तर निघताना प्लगसोबत केबलही काढून ठेवा. गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. रिसीव्हर पुन्हा विकत मिळतो, जुनं रेकॉर्डिंग मिळत नाही.

आणि सगळा खटाटोप त्यासाठीच करायचा. सिनेमाची गाणी कुठेही सापडतात. पण आजीच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचा सप्ताह, मुलीचे बोबडे बोल असं जे आपल्या कॅसेटवर आहे, ते कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज आपण त्या ऐकू शकतो. आपल्या घरापुरतं हे काम आपणच करायचं आहे. टेप दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते. तेव्हा माळ्यावरचा खोका या रविवारी खाली काढा, घरच्या आवाजाची एक कॅसेट निवडा आणि ती आधी कॉम्प्युटरवर उतरवा. रिसीव्हर कुठला घ्यायचा, ते सावकाश ठरवा.