कळ आणि आज्ञा

टंकयंत्राची कळ दाबली की खिळा उचलला जाऊन कागदावर अक्षर उमटे. कोणत्या कळेने कोणते अक्षर उमटावे हे यंत्र घडविणाऱ्यानेच ठरविलेले असे. ते बदलणे टंकलेखकाच्या हाती नसे. संगणकाचा कळफलक दिसायला टंकयंत्रासारखाच असला, तरी त्याची रीत निराळी आहे. कळ दाबताच अमुक स्थानावरची कळ दाबली गेली, एवढीच सूचना अंकरूपाने संगणकाकडे जाते. त्या अंकाचा अर्थ कोणता घ्यावयाचा, हे एका कोष्टकात पाहून ठरविले जाते. टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या आज्ञावलीत, शॉर्टकट बदलणे म्हणजे या कोष्टकातील नोंद बदलणे होय.

आज रूढ असलेले संकेतही कोणीतरी कधीतरी ठरविलेलेच आहेत. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ हा एडिटर रचला, तेव्हा त्यांच्यापुढील संगणक-पडद्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या कळांवरच बाण कोरलेले होते. म्हणून त्या एडिटरात आजही याच कळांनी डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाता येते. त्याच वर्षी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जन्मलेल्या ‘ईमॅक्स’ने तर जवळजवळ प्रत्येक कळेचा अर्थ बदलण्याची मुभा वापरणाऱ्यास दिली.

मराठी लिहिणाराच्या वाट्याला मात्र येथे एक वेगळी अडचण येते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळरचना प्रमाण ठरविली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. क आणि ख, त आणि थ अशा जोड्या एकाच कळेवर असून दुसऱ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबावी लागते. ही रचना बहुतेक भारतीय लिप्यांना समान आहे. रायपूरच्या पुरानी बस्तीचे उदाहरण घेऊ. महामाया मंदिराभोवतालचा हा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढावर आली, आणि त्या काळापासून रायपुरात मराठी वस्ती आहे. येथील मराठी लेखक मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा याच रचनेने लिहू शकतो. परंतु आज्ञा द्यावयाची वेळ आली की त्याला रोमन कळरचनेकडे वळावे लागते.

असे का होते? कंट्रोल दाबून दिलेल्या आज्ञा बहुधा कळेच्या स्थानावरून ओळखल्या जातात; लिपी बदलली तरी त्या सहसा चालतात. व्हीआयमध्ये मात्र साधे अक्षर हीच आज्ञा असते. खाली जाण्यासाठी जेची कळ दाबावी, तर इन्स्क्रिप्टमध्ये तेथे ‘र’ आहे, आणि ‘र’ ही आज्ञा एडिटरला ठाऊक नाही. याउलट, रोमन रचना चालू असताना आणि एडिटर आज्ञेची वाट पाहत असताना बोटांनी सवयीने ‘पक्का’ हा शब्द लिहिला, तर काय होईल? कळा दाबल्या जातील एच, के, डी, के आणि ई. त्यांतील डी आणि के मिळून ‘ही ओळ व वरची ओळ खोडून टाक’ अशी आज्ञा होते. एक शब्द लिहावयास जावे आणि दोन ओळी नाहीशा व्हाव्यात! यूची कळ दाबल्यास त्या परत येतात. म्हणून ही आज्ञा सर्वांत आधी शिकावी.

पहिल्या अडचणीवर उपाय आहे. व्हीआयच्याच धर्तीवर १९९१ साली आलेल्या ‘व्हिम’ या एडिटरात ‘लँगमॅप’ नावाची सोय आहे. आज्ञा देताना ‘र’ म्हणजे जे, ‘क’ म्हणजे के, ‘प’ म्हणजे एच आणि ‘त’ म्हणजे एल समजावे, असे एका ओळीत लिहून ठेवले की देवनागरी चालू असतानाही कर्सर हवा तसा हलविता येतो.

असे फेरबदल करताना काही पथ्ये पाळावीत. नवी आज्ञा जोडण्यापूर्वी त्या कळेवर आधी कोणते काम सोपविलेले आहे ते पाहावे. ‘व्हीएस कोड’ या एडिटरात कंट्रोल धरून आधी के व मग एस दाबल्यास सर्व शॉर्टकटांची यादीच समोर येते. नक्कल करणे, चिकटविणे, जतन करणे अशा सर्वत्र चालणाऱ्या संकेतांना हात लावू नये, कारण परक्या संगणकावर बसताच घोटाळा होईल. विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट यांची जोडी उजव्या ऑल्टसारखी मानली जाते, आणि भारतीय कळरचनांत रुपयाच्या चिन्हासारखी काही चिन्हे त्याच वाटेने येतात. तेव्हा त्या जोडीवर आज्ञा ठेवताना आपले चिन्ह तर हरवत नाही ना, हे तपासावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो बोटांत मुरल्यावरच दुसऱ्याकडे वळावे. शेवटी, आपल्या नोंदींच्या फाइलची एक प्रत निराळी ठेवावी. संगणक बदलला तरी त्या प्रतीवरून आपला कळफलक पुन्हा पहिल्यासारखा मांडता येतो.