दोन ऑफ-व्हाइटमधला फरक

'ऑफ-व्हाइट सगळे सारखेच' हा एक समज आणि 'ज्याचा आकडा मोठा तो अधिक पांढरा' हा दुसरा. रंग डब्यातच पक्का ठरलेला असतो, असं धरून चालल्यामुळे हे दोन्ही समज होतात. अमेरिकेत घर रंगवताना ज्या दोन छटांची हमखास तुलना होते, त्या पाहा: शेरविन-विल्यम्सची 'अलाबास्टर' आणि बेंजामिन मूरची 'व्हाइट डव्ह'. प्रकाश परावर्तनाच्या मापावर शून्य म्हणजे काळा आणि १०० म्हणजे शुद्ध पांढरा. त्यावर पहिली ८२, दुसरी सुमारे ८३. एवढ्या फरकाने खोली उजळत नाही की काळवंडत नाही. हे माप परतणारा प्रकाश किती ते सांगतं, त्यात पिवळं किती आणि करडं किती ते सांगत नाही. निवड तर त्यावरच करायची असते. अलाबास्टर सायीच्या रंगाकडे झुकते. व्हाइट डव्हच्या उबेत करड्याची किंचित झाक आहे.

ती झाक किती उमटेल, हे उजेडावर अवलंबून. तिकडे उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात करडी झाक थंड दिसते, सायीचा रंग मात्र तग धरतो. मावळतीच्या उन्हात किंवा २७०० केल्विनच्या दिव्याखाली तोच रंग पिवळा वाटू लागतो. त्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली शेडकार्ड पाहून केलेली निवड त्या दुकानापुरतीच खरी.

'चार दिवसांत डोळ्यांना सवय होते, मग एवढा खल कशाला?' हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. डोळा जुळवून घेतो, पण शेजारी अधिक पांढरं काही नसेल तरच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे गोबेलिन्सच्या विणकाम कारखान्यात काळा रंग फिका दिसत असल्याची तक्रार आली होती. दोष रंगाचा नव्हता, शेजारच्या रंगांचा होता. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी हा परिणाम सविस्तर मांडला. शुभ्र छत आणि पांढरी चौकट भिंतीची झाक अशीच उघडी पाडतात. दोन नमुने एकमेकांना खेटून लावले, तर फरक ओळखता येतो, पण तो वाढवून दिसतो. भिंतीवर शेवटी एकच रंग राहणार. म्हणून प्रत्येक छटेचे दोन हात वेगळ्या मोठ्या पुठ्ठ्यावर द्यावेत, आणि एका वेळी एकच पुठ्ठा फरशीजवळ, चौकटीजवळ, सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहावा. छतही रंगवायचं असेल, तर त्याचा पांढरा आधी ठरवावा, कारण भिंत रोज त्याच्याच शेजारी दिसणार आहे.